आंबलेलं अंग

रुवैस. रात्रीचे दोन वाजून दहा.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते,
नको असलेला वायू एका दमात जाळणारी.
तिच्या उजेडात पार्किंगमधली धूळसुद्धा नारिंगी.

आत मी, सेंट्रिफ्यूज,
आणि बर्फात खोचून आलेली राखाडी टोपणाची नळी:
दिलावर मुकादम, वय एकोणचाळीस, वेल्डर.
टाकीच्या पोटात बेशुद्ध सापडला. ताप एकेचाळीस.

बर्फ कशाला, पोर्टर विचारतो. दर महिन्याला नवा पोर्टर.
मी सांगते, रक्त काढलं म्हणून थांबत नाही बाबा.
नळीत पडल्यावरही खातच राहतं,
साखर घटत जाते, आंबट वाढत जातं.
अंग मागे राहिलं, हे त्याला कुणी कळवलेलंच नसतं.
म्हणून तळाशी चिमूटभर फ्लोराइड. म्हणून बर्फ.

तांबडी पेशी.
मिरजेत हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं:
मज्जेतून निघताना ती आपलं केंद्रक मागे ठेवते.
चुलीही ठेवते, त्या तंतुकणिका,
ज्यांच्यात साखर पुरती जाळता येते.
जागा करायची असते. सामान न्यायचं असतं.
मग एकशेवीस दिवस ऑक्सिजन वाहते
मेंदूला, मूत्रपिंडाला, पायाच्या करंगळीला,
आणि त्यातला एक रेणू स्वतःसाठी वापरत नाही.
वापरणार कशात?
साखर अर्धवट मोडायची,
दोन नाणी सुटतात तेवढ्यावर भागवायचं,
उरलेलं आंबट यकृताकडे धाडायचं.
यकृत त्याची पुन्हा साखर करतं. पदरचं घालून.

कॅम्पातल्या खोल्या डोळ्यांपुढे येऊ नयेत म्हणून
मी मशीनची घरघर ऐकत बसते.

लॅक्टेट नऊ पूर्णांक चार.
फोनवर डॉक्टर सबाह आकडा परत म्हणवून घेतात.
म्हणजे स्नायूंच्याही चुली विझत आल्यात,
मांडीत, पाठीत, श्वास पोचत नाही तिथे
सगळं शरीर तांबड्या पेशीसारखं जगतंय,
दोन नाण्यांवर.

चारला पाच पूर्णांक एक.
आता कुठेतरी रांग पुन्हा लागली असेल.
साखरेतून सुटलेला इलेक्ट्रॉन
घमेल्यासारखा हातोहात खाली उतरतोय,
प्रत्येक हात थोडी मजुरी काढून घेतो,
आणि तळाला ऑक्सिजन उभा, रिकाम्या हातांचा.
तो घेतो. पाणी होतं.
बाहेरची ज्योत जे एका झेपेत उधळते
तेच हे, पायरीपायरीनं, भाजू न देता.
या गावात नळाचं पाणीही
वायू जाळून समुद्रातून काढावं लागतं.
याच्या मांडीत ते आपोआप झिरपतंय,
मोजायला माझ्याकडे यंत्र नाही.

सहाला दोन पूर्णांक तीन. मी चहा केला.

पाचव्या दिवशी तो रिपोर्टची प्रत मागायला आला,
कंपनीला द्यायची होती.
सही करताना पेन दोनदा सुटलं.
"आंग आंबलाय ताई, नुसता."
ठाऊक आहे, म्हटलं. माझ्याकडे आकडा आहे.
त्याला ते आवडलं असावं, की दुखण्याला आकडा असतो.

"ता रगत हाय अजून?"
फ्रिजमध्ये. सात दिवस ठेवतो.
"मग?"
मग जाळतो.
"आमच्याकडं पाठवा," म्हणाला, "वेल्डिंगला."
आणि हसता हसता त्याला धाप लागली.
मी खुर्ची पुढे केली.

बस यायला वेळ होता.
त्यानं खिशातल्या कागदातून दोन खजूर काढले,
एक माझ्या हातावर ठेवला,
दुसरा बराच वेळ चघळत राहिला,
बी सुद्धा.