नळ क्रमांक नऊ

वैशाखात बोरीचं पात्र कोरडं,
म्हणून यात्रेआधी अमळनेरात नदी आम्हीच आणतो:
दीड इंची पाइप, चौदा तोट्या,
वाळूत गाडलेल्या.
गफूर पिंजारी टाकीत टीसीएल कालवतो,
मी फक्कीनं आखतो
दुकानं, पाळणे, फिरते संडास.

बेटावदकडची एक म्हातारी विचारते,
"पानी कोठे शे भो?"
मी नऊ नंबरकडे बोट दाखवतो.

आज पाइप उपसतोय.
नऊ नंबरला हळदकुंकू, गुळाचा खडा,
मुंग्यांची रांग;
तोटीला कुणी हिरवी बांगडी घातलीय.
साहेब फोनवर: आत्ताच काढा,
उद्या ओटा होईल, परवा पत्र्याचं छप्पर,
मग वीस वर्षं कोर्ट.
खरंय त्यांचं.

गफूर पान्हा पुढे करतो,
"तू काढ. देव तुझा."
"नळ तुझा," मी म्हणतो.
पाळणेवाले खिळे वेचताहेत.
ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय.

शेवटी मीच चपला काढतो.
वाळू भाजते.
आटे उलटे फिरतात, कुरकुरतात,
आणि पाइपात उरलेलं तांब्याभर पाणी
माझ्या पायांवर येतं, कोमट.

वहीत नोंद:
तोट्या जमा, चौदा.
बांगडी, एक.