एक्याण्णवावी चाचणी

उद्यमनगरात दुपारी वीज गेली.
लेथ थांबली, खालून दादांचा खोकला तेवढा वर आला.
लॅपटॉप एकोणचाळीस टक्क्यांवर.

समोर निहाल शिकलगारचं फलन:
मोठ्या मॅट्रिक्सचा निश्चयक,
आमच्यापेक्षा तिप्पट वेगात.
नव्वद चाचण्या पास.
एक्याण्णवावी मी काल रात्री लिहिली,
उत्तर जवळजवळ शून्य येईल अशी.
त्याचं फलन बेधडक म्हणालं: शून्य.

जवळजवळ आणि शून्य यांच्या मधे
माणूस अडकेल एवढी जागा असते.
दादा बुश उजेडाकडे धरत,
मायक्रोमीटर हलकेच मिटत,
"दोन थाऊ जादा हाय,"
आणि न रागावता भंगाराच्या पाटीत.

चुकीचं परत पाठवणं सोपं.
वासंती पोवारनं मार्केट यार्डातून पाठवलंय
गुळाच्या रव्यांचे क्विंटल करणारं फलन.
नीट लिहिलेलं. प्रत्येक वेळी बरोबर.
पण हे ग्रंथालय गणिताचं,
आणि उद्या कुणी काकवीचे डबे घेऊन आलं तर?
तिला 'नको' लिहायला
मला तीन दिवस लागले.
चौथ्या दिवशी लिहिलं,
'याचं वेगळं दुकान काढ, पहिलं गिऱ्हाईक मी.'

निहालला अजून काहीच नाही कळवलं.
विचारलंय फक्त:
शून्य कुठून सुरू होतं, हे तू कसं ठरवलंस?

माझ्या वहीवर वजन म्हणून एक बुश आहे.
दादांनी नापास केलेला,
त्यांच्याच हातचा.

वीज आली. खाली पट्टा फिरायला लागला.
विनंती उघडीच आहे.