एकशे बारा नंबरचा बिल्ला

पस्तीस वर्षं मी वरच आणत आलो:
जस्त, तांबं, गंधकाचा वास लागलेली माणसं.
आता पिंजरा तोच, दोर नवा,
आणि मी खाली नेतो एक पेटी.
पेटीत पेटी, तिच्यात फोम, फोमच्या पोटात
नखाएवढी चकती.
"सांभाळून, ताइस्तो," साइमी म्हणते,
जसे काही मी जन्मभर दगडच हाताळले.
तसे दगडच हाताळले म्हणा.

चौदाशे मीटर. कान दोनदा बंद होतात.
वर उणे सव्वीस, गोठलेल्या नदीवरून ट्रक जातात;
खाली खडक कोमट,
रात्री विझवलेल्या चुलीसारखा.
त्याच्या पोटात साइमीचं सोनेरी झुंबर टांगलंय,
आणि झुंबराच्या शेवटच्या टोकाला अशी थंडी
की तिच्यापुढे आमचा जानेवारी म्हणजे सौनाची खोली.

विचारलं, एवढ्या खाली कशाला?
म्हणाली, हात पुढे कर.
वर असताना या तळहातातून
सेकंदाला एक तरी कण आरपार जातो.
आभाळातून येतो, दार वाजवत नाही.
तुला कळत नाही, चकतीला कळतं.
तिच्यातला आकडा अजून हो आणि नाहीच्या मधे असतो,
कण घुसला
की शेजारीपाजारी सगळे एकदम बरळतात.
आणि इथे?
महिन्याला दोन. फार तर तीन.

मी हाताकडे बघत राहिलो.
एवढी शांतता होती याच्या वाट्याला
आणि आम्ही तिच्यात ड्रिल चालवत होतो.

चुका तरी होतातच.
त्यावर तिच्याकडे गणित आहे.
आकड्याला विचारायचं नाही तू कोण,
विचारलं की मोडतो.
दोघा शेजाऱ्यांना एवढंच विचारायचं,
तुमचं जुळतं का?
जुळलं नाही, की कुठे बिघडलं ते बाहेरूनच कळतं.
फळ्यावर तिने तीनदा समजावलं.
मग मीच तिला नेलं खाणीच्या तोंडाशी,
जुन्या खिळ्यांच्या चार रांगांपुढे.
पितळेचे बिल्ले.
उतरताना न्यायचा, वर आलं की टांगायचा.
डब्यात काय होतं, बायकोशी कुणाचं भांडण,
काही विचारायचं नाही.
खिळा बघायचा. रिकामा, तर माणूस खाली.

साइमी म्हणाली, हेच. अगदी हेच.
आणि तिचं बोट तिसऱ्या रांगेत थांबलं.
"हा एकच रिकामा?"

काउको. एकशे बारा.
सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर, गुरुवार.
कळलं होतं, साइमी,
दहा मिनिटांत कळलं होतं खिळा कुणाचा ते.
कळणं आणि दुरुस्त करणं
यांच्या मधे अकरा तास खडक होता.

ती काही बोलली नाही.
न बोलणं आम्हा इकडच्यांना बरं जमतं.

परवा शिशाच्या भिंतीला टेकून बसलो होतो.
हसली. म्हणाली, तूही चमकतोस, माहितीये?
बटाटे खातोस ना,
त्यातलं पोटॅशियम तुझ्या अंगात
सेकंदाला चार हजारदा फुटतं.
मग उठू?
नको, बस. शिसं जाड आहे,
तुझं काही तिकडे पोचत नाही.

रात्रपाळी. पडद्यावर ओळी सरकतात.
जुळतं, जुळतं, जुळतं,
इथे नाही,
जुळतं.
आणि ते "इथे नाही" ती कुठेसं टिपून घेते,
एक बटणसुद्धा न दाबता
पुढचं सगळं सावरून चालू राहतं.
मी दर वेळी तेवढं बघून घेतो.

आता तिलाही बिल्ला दिलाय, दोनशे सहा.
"सेन्सर आहेत की दारावर," म्हणाली होती,
तरी घेतला.
पहाटे ती माझ्याआधी वर गेली.
मी पोचलो तेव्हा खिळ्यावर होता,
अजून थोडा हलत.