निरोप कोणाकडे द्यायचा

टॉवर नाही असं समजा.
एवढंच समजा, बाकी नागपूर जसंच्या तसं:
मे महिना, डांबर मऊ, कूलरच्या वाळ्याला नुकतं पाणी मारलेलं.
त्रेचाळीस जणांच्या खिशात मी एकेक फोन दिला,
तो फक्त लिहून ठेवी
कोण जवळ आलं, किती वेळ थांबलं.

निरोप खिशात घेऊन हिंडायचं, कोणी भेटेपर्यंत.
भेटेल त्याला प्रत दिली तर पोचतो खरा,
पण दुपारपर्यंत सगळ्यांच्या बॅटऱ्या मरतात.
म्हणून आधी घोळके शोधायचे,
मग ज्याचं त्या घोळक्यात जाणं-येणं
त्याच्याच हाती सोपवायचं.

यंत्राला मी आडनावं दिली नव्हती.
देऊळ, विहार, मशीद, काही नाही.
फक्त मिनिटं.
रात्रभर गुरगुरून सकाळी त्यानं पाच रंग काढले
आणि मी बघत बसले,
कारण ते रंग मला लहानपणापासून पाठ होते.
गोळीबार चौक वेगळा, मोमिनपुरा वेगळा,
जरीपटका, इंदोरा, धरमपेठ.
सर म्हणाले, छान, समूह स्वच्छ आलेत.
स्वच्छ.

पाचही रंगांना शिवणारा ठिपका एकच:
अकरा नंबर, प्रफुल्ल गजभिये,
पॅथॉलॉजीसाठी घरोघर रक्त गोळा करतो.
डब्यात बर्फ, नळ्यांवर नावं चिकटवलेली.
"मले कोनी बस म्हनत नाही म्याडम,
पन हात सगळेच पुढं करतेत."

मी सतरा नंबर. रंग प्रयोगशाळेचा.
आई तेवीस. रंग गोळीबार चौकाचा.
मी घरी पोचते तेव्हा माझा फोन मेलेला
आणि ती निजलेली.

चाचणीसाठी काहीही टाइप कर, म्हटलं होतं तिला.
मंगळवारी रात्री सव्वादहाला तिनं केलं.
बुधवारी शुगरचं रक्त घ्यायला आलेल्या प्रफुल्लकडे ते गेलं,
त्याच्या खिशात सदर, सीताबर्डी हिंडलं,
तर्री-पोह्याच्या ठेल्यावर वॉचमन कुकडेंकडे उतरलं,
आणि गुरुवारी, गेटवर सही करताना, माझ्याकडे:

'डाळभाजी झाकून ठेवली हाये. गरम करून घेजो.'

तक्त्यात लिहिलं: पोचला.
हात बदलले तीन.
उशीर सदतीस तास, जाळ्याला सोसणारा.
डाळभाजी मे महिन्यात
सकाळपर्यंतही टिकत नाही.