साडेतेरा अंश

सावद्याच्या शीतगृहात एकवीस वर्षं झाली मला
वय थोपवायच्या कामाला.
केळी हिरवी येतात, हिरवीच जातात.
आखाताच्या वाटेवर अठ्ठावीस दिवस
त्यांना पिकायची आठवण होऊ नये
यासाठी मला पगार मिळतो.

प्रत्येक खोक्यात एक जांभळी पुडी टाकते.
एक फळ पिकलं की श्वास सोडतं,
त्या श्वासानं शेजारचं पिकतं.
पुडी तो श्वास गिळते.
हे कळल्यापासून
शाळेतल्या मैत्रिणींच्या मेळाव्यात
मी जरा खिडकीपाशी बसते.

भाचा लोकेश परदेशात उंदरांचं वय मोजतो.
फोनवर म्हणाला, मावशी,
माझ्या उंदरांनी चौथा हिस्सा आयुष्य जास्त काढलं.
मी विचारलं, त्या जास्तीच्यात केलं काय त्यांनी?
जरा थांबून म्हणाला,
चाकावर पळाले.

आणखी म्हणाला,
ती साखरेच्या आजाराची साधी गोळी आहे ना,
तिच्यावरही काही लोकांचा डोळा आहे,
पण अजून पक्कं काही नाही.
आमच्या गल्लीत अकरा जणी घेतात ती भाकरीनंतर.
प्रमिला वारकेला सांगितलं,
बाई, तू वीस वर्षं अमृत पितेस कदाचित.
तिनं विचारलं, मग जिलबी चालेल का?

निंबाजी ढाके एक्क्याऐंशीचा.
अजून घड कापायला बागेत उभा असतो,
कोयता मुलाच्या हातात, बोट याचं.
त्याच्या तोंडी वर्षं नसतात, बागा असतात:
नवती, मग पील, मग खोडवा.
चौथ्यांदा कोणी ठेवत नाही,
घड लहान पडतो, वाऱ्यानं खोड आडवं होतं.
कोणीच नाही ठेवलं? मी विचारलं.
"ठेवलं व्हतं एकदा. हिरीजवळचं.
पाच फण्या आल्या."
पाच म्हणजे फार की थोड्या,
ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

लोकेशचं सगळं सांगितलं त्याला.
तंबाखू मळता मळता म्हणाला,
"दीडशे वर्सं अठी बसून करू काय, पोरी?
पन गुडघे देत असतीन तं सांग,
आंगठा उठवतो."

एका डिसेंबरात चार नंबरच्या खोलीचा काटा अडकला,
रात्रीत पारा आठावर.
सकाळी केळी दिसायला हिरवीगार, काहीच झालं नव्हतं.
पिकवणीत ठेवली, गॅस दिला,
चार दिवस दिले, मग आणखी दोन.
साल काळी पडली, आत गर खडूसारखा.
म्हातारी न होताच गेली.
दोन ट्रॅक्टर भरून बांधावर ओतली,
गाईंनी हुंगून तोंड फिरवलं.
लोकेशला हे फोनवर सांगायचं राहिलंय.
सांगितलं तर म्हणेल,
मावशी, माणूस केळ नसतो.
खरंय त्याचं.

मार्चमध्ये मला अठ्ठावन्न पूर्ण.
कंपनी शाल देईल, नारळ देईल,
भिंतीवरचं एक घड्याळही देते, का ते माहीत नाही.
विम्याच्या तक्त्यात माझी शेवटची ओळ पंच्याऐंशीची,
तिच्याखाली नुसता कोरा कागद.
त्या कोऱ्या कागदावर किराणा कोण भरणार,
मोतीबिंदू किती वेळा काढायचा,
सुनेनं मला किती वर्षं आई म्हणायचं,
हे लोकेशच्या उंदरांना विचारता येत नाही.

तरी खोटं कशाला बोलू?
गोळी निघाली तर मी रांगेत उभी राहीन,
पिशवी घेऊन, सकाळी सहाला.
गुडघ्यांसाठी, असं सांगेन लोकांना.

परवा सुटीच्या भोंग्याला
एक जांभळी पुडी पर्समध्ये टाकली.
घरापर्यंत लक्षात होती, मग विसरले.
आज रिक्षात चिल्लर शोधताना
पुडी फुटलेली, बोटं माखलेली.
पदरानं पुसलं, डाग हलेना.
रिक्षावाला वळून म्हणाला,
काकू, आज कसलं मतदान होतं?
होतं एक, म्हटलं.
टाकून आले.