दोन फूट

फतेहगंजात, मागल्या गल्लीत, तळघरात
कनुभाईचं टेबल. सात फुटी.
भिंत इतकी जवळ की डाव्या कोपऱ्यातून मारताना
क्यूचं बूड पोपड्यांत घुसतं.
टोले खाऊन खाऊन तिथं बशीएवढा खळगा पडलाय,
त्याला आम्ही सातवं पॉकेट म्हणतो.

दर बुधवारी लीग.
मी, पोस्टातला तामणे,
आणि हेमांगी कर्णिक, जिची उंची पाच फूटही नाही
आणि जिला या टेबलावर कधी रेस्ट लागली नाही.

लीगच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढं एक आकडा असतो.
माझा पाच.
तो मी इथं कमावला,
जिथं ब्रेक कितीही जोरात मारा,
पंधरा चेंडू एकमेकांना खेटूनच राहतात,
दांडिया बाजारात सणाच्या आदल्या संध्याकाळी
स्कूटरी राहतात तसे.
मला फटीतून निघता येतं.
बाकी फारसं काही येत नाही.

फायनल अलकापुरीत लागली. स्टेशनच्या पलीकडे.
एसी, काचेचं दार, टेबल नऊ फुटी.
जाताना तामणे मागच्या सीटवरून ओरडत होता,
दोन फुटांनी काय होतंय रे!
मी सिग्नलला गुणाकार केला:
साडेतीन साते साडेचोवीस,
साडेचार नव्वे साडेचाळीस.
रुंदीही वाढते, हे कुणी बोलत नाही.
त्याला सांगितलं नाही. हिरवा दिवा लागला होता.

मी मकरपुऱ्याला बेअरिंग तपासतो.
दोन शतांश मिलिमीटरपर्यंत माल पास,
त्यापुढं लाल खडूची फुली.
बावीस वर्षं लोकांच्या चुका मोजल्या
आणि माझ्याच कोपरात एक तिरकस आहे
हे मला त्या हिरव्या मैदानात कळलं.
घरच्या टेबलावर तो बाहेर पडायच्या आत
चेंडू पडलेला असायचा.
इथं त्याला वाढायला जागा मिळाली.
आठ नंबर निघाला, निम्म्या वाटेपर्यंत
मलाही सरळच वाटला,
मग पॉकेटच्या जबड्यात खडखडला
आणि बाहेर येऊन माझ्याकडे तोंड करून थांबला.

हेमांगीनं रेस्ट हातात घेतली,
परक्याचं रडकं मूल घ्यावं तशी.
कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

समोर मौलिक नावाचं एकोणीस वर्षांचं पोरगं.
जूनमध्ये हेच तळघरात माझ्याकडून हरलं होतं,
क्यू भिंतीवर आपटत, कानापर्यंत लाल होत.
आज त्याचा हात मागं गेला
तो जातच राहिला, अडवायला काही नव्हतं,
आणि चेंडू निघाला तेव्हा
मला माझा खळगा आठवला.
त्याच्या नावापुढंही पाचच लिहिलं होतं.
एकाच वहीत, एकाच पेननं.

हरलो. नंतर लारीवर सेव-उसळ खाल्ली,
तिखट जास्त झालं होतं, म्हणून
डोळे पुसायला कुणाला कारण द्यावं लागलं नाही.

त्यानंतर महिनाभर मी दर रविवारी अलकापुरीला गेलो,
तासाचे पैसे भरून, एकटा,
एकच लांब फटका मारत.
बायकोला मंडईत जातो म्हणालो
आणि येताना खरंच भाजी आणली.

मग कनुभाईकडचा बुधवार.
ब्रेक मारला.
पांढरा चेंडू रॅकवर चढला, कठड्यावरून उडाला
आणि थम्स अपच्या क्रेटखाली गेला.
कनुभाईनं वहीतून मान वर काढली नाही.
"धीमे, भाऊ. आ तो आपणुं टेबल छे."

मी गुडघ्यांवर, मोबाइलच्या उजेडात.
जाळी, एक बिडीचं थोटूक, खडूचा निळा तुकडा,
मागं भिंतीला टेकलेला चेंडू.
टेबलाच्या पायापासून तिथवर
सवयीनं विती टाकल्या.
अडीच भरल्या.

"मळ्यो?"
मळ्यो, म्हटलं.
पण उठायला जरा वेळ लावला.