आघात कुठे

गरवारे पुलाशेजारी, चष्म्यांच्या दुकानावर दुसरा मजला.
वर्गात रांजणगावच्या कारखान्यातली तीन पोरं,
मिलानला कपड्यांचं डिझाइन शिकायला निघालेली एक मुलगी,
आणि मी. वय चौसष्ट, फीमध्ये सवलत मागून आलेली.

आबान टीचर क्रियापदं कापते,
भेंडी चिरावी तशी नाही, बरोबर सांध्यावर:
पार्-ला-नो. ते बोलतात.
"ला-वर नाही बसायचं, कुंदाताई. पार्-वर."
मी वहीत लिहिलं: पारावर बसून ते बोलतात.
तेव्हापासून चुकले नाही.

शाळेत यमाताराजभानसलगा घोकलं होतं,
लघु-गुरू बोटांवर मोजले होते,
पण मराठीत जोर कुठंही द्या, माणूस बदलत नाही.

इथं बदलतो.
पान बावीस. ते-ले-फो-नो.
ले-वर जोर दिला तर फोन मी करते.
शेवटच्या नो-वर दिला तर त्यानं केला.
केला. झालं. भूतकाळ.
अक्षरं तीच चार, नुसती मी उठले
आणि माझ्या जागेवर तो.

एकतीस वर्षं बाजीराव रोडच्या एक्स्चेंजात
मी लोकांचे फोन जोडले.
सोलापूर, मिरज, एकदा चक्क नैरोबी.
तीन मिनिटं झाली की मधे बोलायचं: वाढवायचे का?
कुणी रडत असलं तरी.
माझ्यासाठी म्हणून फोन आला तो एकदाच,
रात्रपाळीत, पलीकडे नुसता श्वास.
मी नियमाप्रमाणे तीन मिनिटं मोजली
आणि विचारलं, वाढवायचे का.

परवा चाचणी होती.
भाषांतर करा, अक्षरं तोडा: त्याने फोन केला.
तोडली. चारही नीट, मधे उभ्या रेघा.
शेवटच्या अक्षरावरची तिरकी रेघ तेवढी राहिली.
आबाननं लाल पेनानं समासात लिहिलंय:
कोणी केला? तुम्ही की त्याने?

दुरुस्त करून वही शनिवारी परत द्यायचीय.
पुलावरून घरी येताना ओठांत घोळवत राहते,
ते ले फो नो,
एकदा दुसऱ्या पायरीवर थांबून,
एकदा शेवटच्या.
मागचा रिक्षावाला हॉर्न देतो.
एकच अक्षर.
त्याला विचारावं लागत नाही.